बॅगेतून आलेले संगणक: गोव्यातल्या जुन्या घरगुती संगणकांच्या आणि गेम्सच्या आठवणी

खाजन

गोव्यात घरात पहिला संगणक आला तो दुकानातून कमी आणि बॅगेतून जास्त. निदान आमच्या तिसवाडीत तरी तसंच होतं. कुणाचे बाबा कुवेतला, कुणाचा मामा बहारीनला, कुणाचा काका बोटीवर. सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर, टँगची बाटली, साड्या, आणि त्यातच टॉवेलात गुंडाळलेला एक जाडजूड कीबोर्ड. मुंबई-पुण्याच्या मित्रांच्या आठवणी डेव्ह आणि प्रिन्स या पीसीवरच्या गेम्सपासून सुरू होतात. आपल्याकडच्या त्याच्याही आधीच्या आहेत, आणि त्या कुठे लिहिलेल्या दिसत नाहीत. म्हणून हा धागा काढतोय.

आमच्याकडे १९८८ साली आला तो 'सख्र'. कुवेतची अल-आलामिया कंपनी हे संगणक अरबी बोलणाऱ्यांसाठी काढायची. जात एमएसएक्स. हे प्रमाण मायक्रोसॉफ्ट आणि जपानच्या आस्की कंपनीने मिळून १९८३ साली जाहीर केलं. त्यामुळे सोनीचा घ्या, यामाहाचा घ्या नाहीतर आमचा सख्र, एकाची कार्ट्रिज दुसऱ्यात चालायची. आत झेड-८० प्रोसेसर, बेसिक भाषा रॉममध्येच भरलेली. वेगळा मॉनिटर नाही, टीव्हीला जोडायचा. बटणांवर इंग्रजी अक्षर आणि शेजारी अरबी. चोडणच्या मराठी प्राथमिक शाळेत जाणारा मी, अरबी अक्षरांच्या बटणांवर इंग्रजी बेसिक शिकलो. त्यात काही विचित्र आहे असं तेव्हा घरात कुणालाच वाटलं नाही.

गेम दोन तऱ्हांनी यायचे. कार्ट्रिज खोचलं की लगेच सुरू. कॅसेट असेल तर टेपरेकॉर्डर जोडायचा, आवाज बरोबर तेवढाच ठेवायचा आणि थांबायचं. आवाज थोडा जास्त झाला तरी संगणक मधेच एरर देऊन गप्प. ताईने आवाजाच्या चकतीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता, तो खुणेला जुळवायचा. दुसऱ्याच्या टेपवर भरलेली कॅसेट असेल तर ठिपक्यानेही भागायचं नाही. मग झाकणाच्या भोकातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा, चिरका आवाज स्वच्छ आणि तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत. हे काम ताईचंच. तिचा कान वाड्यावर सगळ्यांत तयार होता, आणि शेजारचे लोकही आपले टेप तिच्याकडे आणायला लागले.

माझा सगळ्यांत आवडता गेम कोनामीचा 'अंटार्क्टिक अ‍ॅडव्हेंचर'. बर्फावरून पळणारा पेंग्विन. खड्डे चुकवायचे, मधेच डोकं वर काढणारे सील चुकवायचे, उड्या मारणारे मासे पकडायचे, आणि वेळ संपायच्या आत पुढच्या संशोधन तळावर पोचायचं. पोचलं की त्या देशाचा झेंडा वर चढायचा. आता बघा, भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती आपल्या गोव्यातूनच, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. शाळेत गुरुजींनी आम्हाला ते जहाज, 'दक्षिण गंगोत्री' हा भारताचा तिकडचा पहिला तळ, सगळं सांगितलं होतं. त्यामुळे मी प्रत्येक तळावर आपल्या झेंड्याची वाट बघायचो. तो कधी आला नाही. शेवटी मी बेसिकमध्ये स्वतःच तिरंगा काढला. एमएसएक्सच्या पंधरा रंगांत केशरी नाही, म्हणून फिकट लाल घेतला. चक्रासाठी सर्कल कमांड. चोवीस आरे काढण्यासाठी साइन-कोसाइन लागतं हे माहीत नव्हतं. ताईच्या अकरावीच्या पुस्तकातून ते उतरवून घेतलं आणि शाळेत त्रिकोणमिती यायच्या कितीतरी आधी ती मला कामाला आली.

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. एअर इंडियाने अम्मानहून विमानं लावून १ लाख ७० हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं, त्यांत बाबा होते. हातात एक पिशवी. तिकडचं घर, सामान, बँकेतले पैसे सगळं मागे राहिलं. त्या संसारातलं आमच्याकडे उरलं ते आधीच आलेलं तेवढंच, आणि त्यात हा सख्र. बाबांनी पुढे कधी तो विकायचा विषय काढला नाही.

मशीन अजून आहे. परवा माळ्यावरून कॅसेटचा डबा काढला तर निम्म्या कॅसेटींवर पांढरी बुरशी. तुमच्याकडे काय होतं, कुठून आलं, काय खेळायचात, आणि ते आज कुठल्या अवस्थेत आहे? सविस्तर लिहा, घाई नाही.

दर्यावेडा

सख्र! आमच्या मडगावच्या शेजाऱ्यांकडे होता. अरबी बटणं बघून मला वाटायचं की तो फक्त त्यांच्याशीच बोलतो. पुढचे प्रतिसाद वाचायला बसलोय.

सुरंगी

खाजन, तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा. हेडचा स्क्रू फिरवणाऱ्या मुली अजून होत्या हे वाचून फार बरं वाटलं.

म्हापशाला आमच्याकडे स्पेक्ट्रम होता, ४८ के. काका बोटीवर होता, त्याने इंग्लंडमध्ये जुना विकत घेतलेला. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीने तो १९८२ च्या एप्रिलमध्ये बाजारात आणला. रबराची करडी बटणं आणि एकेका बटणावर पाच-सहा गोष्टी छापलेल्या. अक्षरं एकेक टाइप करायची नाहीत, जे दाबलं की 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा, पी दाबलं की 'प्रिंट'. कॅसेट सुरू झाली की टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक. पट्टे थरथरले की आम्ही श्वास रोखायचो. चार-पाच मिनिटांचं लोडिंग आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात लाइट जाणार, हे म्हापशाच्या पावसाळ्यात ठरलेलंच.

आमचं मुख्य काम मात्र टायपिंग. काका इंग्रजी मासिकं आणायचा, त्यांत गेमचे अख्खे प्रोग्राम छापलेले असायचे. दादा वाचायचा आणि मी बटणं दाबायची. "दहा, लेट, ए, बरोबर, शून्य." तो 'शून्य' म्हणाला की 'ओ', हे मी दर वेळी विचारून घ्यायचे, कारण पानांपानांच्या आकड्यांत एक जरी चुकला तरी शेवटी काहीच चालायचं नाही. आज मी बँकेत काम करते. आकडे दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून तपासायची सवय तिथली आहे असं सगळ्यांना वाटतं.

'मॅनिक मायनर' आणि 'जेट सेट विली' आमचे प्राण. दोन्ही मॅथ्यू स्मिथ नावाच्या विशीतही न पोचलेल्या मुलाने केलेले. 'जेट सेट विली' सोबत रंगीत चौकटींचं एक कार्ड असायचं. गेम सुरू होताना संगणक त्यातली एक चौकट विचारायचा आणि तिचे रंग सांगावे लागायचे. नक्कल थांबवायला केलेली युक्ती होती, कारण तेव्हाचं झेरॉक्स काळं-पांढरं. माझ्या मावसबहिणीने मे महिन्याच्या सुट्टीत ते कार्ड वहीच्या कागदावर स्केचपेनांनी अख्खं उतरवलं. १८० चौकटी. पेन पुसट झालं की टोपणात थेंबभर पाणी घालून पुन्हा. ती वही माझ्याकडे आहे. स्पेक्ट्रम राहिला नाही, पण वही आहे.

आंतरुजी

सुरंगीताई, त्या वहीचा फोटो काढून ठेवा, आजच. स्केचपेनची शाई उडते.

मी फोंड्याचा. माझी सुरुवात शाळेत झाली, बीबीसी मायक्रोवर. केंद्र सरकारने १९८४ साली 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशभरातल्या निवडक शाळांना ते संगणक दिले होते. चपला बाहेर काढायच्या, एकामागून एक आत जायचं, एका मशीनवर चौघं. हात लागायचा दोन मिनिटं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

खरी मजा घरी ३८६ प्रोसेसरचा पीसी आल्यावर. बाबांचं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रकं, मंडळाच्या स्मरणिका. दिवसभर मशीनवर मराठी मजकूर आणि रात्री जेवणं झाली की आम्ही. त्या मशीनला एक टर्बो बटण होतं. आज कुणाला सांगितलं तर पटत नाही की ते मशीन हळू करण्यासाठी वापरायचं. 'डिगर' १९८३ चा, मूळ आयबीएम पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाच्या हिशेबाने बांधलेला. मशीन जेवढं जलद तेवढा गेम जलद. ३८६ वर सुरू केला की डिगर दिसायच्या आत मरायचा. टर्बो काढलं की जरा खेळण्यासारखा व्हायचा. घड्याळ बघून वेग ठरवायचा ही पद्धत पुढच्या गेम्समध्ये आली, म्हणून त्यांना हा त्रास नाही.

पण आमच्या घराचा गेम एकच, 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनरने १९८९ साली अ‍ॅपल टू साठी केला, पुढच्या वर्षी पीसीच्या डॉसवर आला. त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि त्या फ्रेमवरून राजपुत्र काढला. म्हणून तो कडेला लटकतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं. त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या गेममध्ये माणसाला वजन होतं?

आम्ही तो दोघं मिळून खेळायचो. बाणांची बटणं माझ्याकडे, शिफ्ट धाकट्या भावाकडे. पाऊल जपून टाकायला शिफ्ट, कडा धरायला शिफ्ट, तलवारीचा वार शिफ्टने. त्यामुळे एकाने पळवायचा आणि दुसऱ्याने सांभाळायचा. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. चौथ्या पातळीवर आरसा येतो, पळत येऊन त्यातून उडी मारली की त्यातून आपलीच सावली निघून पळून जाते. पुढे ती आपलं औषध पिते, आपल्या तोंडावर दार पाडते. आठव्यात आपण गजाआड अडकलो की राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन दार उघडून देतो. तो उंदीर पहिल्यांदा आला तेव्हा घरातले सगळे ओरडले, आजीसुद्धा, आणि ती फक्त विड्याचं तबक घेऊन मागे बसलेली.

बाराव्या पातळीवर सावलीशी गाठ. तिला मारलं की आपण मरतो. तिथे आम्ही दोन महिने अडकलो. उत्तर मिळालं चवथीला. गिरगावहून चुलतभाऊ आला, गणपतीच्या वर फळा-फुलांची माटोळी बांधून झाल्यावर त्याने शांतपणे सांगितलं, तलवार म्यान कर आणि तिच्याकडे चालत जा. सावली राजपुत्रात मिसळली. असा शेवट मुलांच्या खेळात घालणाऱ्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

आणि चवथ हेच आमचं वितरण होतं. मुंबईचे भाऊ फ्लॉप्या घेऊन यायचे. मोठा गेम असला तर एआरजे नावाच्या प्रोग्रामने आवळून पाच-सहा फ्लॉप्यांत तुकडे. गणपतीच्या त्या दमट दिवसांत चौथी फ्लॉपी नेमकी सीआरसी एरर द्यायची, म्हणजे तिच्यावरचं नीट वाचलंच जायचं नाही. मग ती दुरुस्त होऊन यायला थेट मे महिना, नाहीतर पुढची चवथ.

दर्यावेडा

'पॅराट्रूपर'! एका बाजूला चार सैनिक उतरले की खेळ खलास. ते एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफेपर्यंत यायचे. आणि 'अ‍ॅली कॅट'मधला झाडू. बस्स, एवढंच आठवलं तरी दिवस चांगला गेला.

बार्देशी

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान, पण लिहितो. आमच्या घरी संगणक बॅगेतूनही आला नाही आणि दुकानातूनही नाही. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सरकारने अकरावीच्या मुलांना घरी संगणक द्यायची 'सायबरएज' योजना आणली, तिच्यातून ताईला मिळाला. बाबा बागायतीत काम करायचे. आम्ही आपल्या पैशांनी पीसी घेणं शक्यच नव्हतं. बार्देशच्या आमच्या वाड्यावर एका वर्षात चार-पाच घरांत संगणक आले, आणि त्या घरांतल्या कुणीही आधी तो जवळून पाहिला नव्हता.

अभ्यासासाठी होता, अभ्यास झालाही. ताई आज सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण दुपारी तीन ते पाच 'रोड रॅश'. ओटीवर चपलांची रास, आत आम्ही दहा-बारा पोरं, प्रत्येकाला एक रेस. हरला की उठायचं. आई उकडा पेज आणि लोणचं द्यायची सगळ्यांना. पुढे 'एनएफएस टू', मग 'व्हाइस सिटी'. खेळणारा एक आणि बघणारे अकरा, पण बघणाऱ्यांना आपण खेळत नाही असं वाटायचं नाही. कुठे वळायचं ते सगळे मिळून ठरवायचे.

एक सांगू का? जुने गेम आज ब्राउझरमध्ये फुकट चालतात. इंटरनेट आर्काइव्हवर २०१५ पासून डॉसचे हजारो गेम आहेत. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने तिथेच 'प्रिन्स' खेळायला घेतला आणि तिला तो आवडला. मग जुनी मशीनं, फ्लॉप्या जपायची धडपड कशासाठी, हा माझा खरा प्रश्न आहे.

आंतरुजी

बार्देशी, प्रश्न रास्त आहे. भाचीने जिथे मिळेल तिथे खेळावं. पण आर्काइव्हवर 'प्रिन्स' आहे, कारण तो जगभर होता. माझ्या बाबांनी त्या ३८६ वर जत्रेच्या नाटकांची पत्रकं केली, गावातल्या नटांची नावं, कुणी कुठली भूमिका केली, कुठल्या साली. छापलेले कागद वाळवीने खाल्ले. ती माहिती आज असलीच तर माझ्या कपाटातल्या फ्लॉप्यांत आहे. गेमच्या फ्लॉप्यांना चिकटूनच त्या फ्लॉप्या आहेत, एकाच डब्यात. खाजनचा तिरंगासुद्धा कुठल्याच आर्काइव्हवर नाही.

बार्देशी

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या सायबरएजच्या मशीनची हार्डडिस्क अजून आहे. त्यात वाड्यावरच्या पोरांचे स्कोअर लिहिलेली एक फाइल नक्की असणार. आज काढून बघतो.

कुळागर

इतके दिवस नुसता वाचत होतो, पण बुरशीचा विषय आला म्हणून लिहितो. मी गेली काही वर्षं सत्तरीत ओळखीच्यांच्या जुन्या फ्लॉप्या आणि कॅसेटी वाचून देतो.

आधी कारण. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकते. बुरशीला साठ-पासष्टच्या वर मिळालं की पुरे. चुंबकीय थर प्लॅस्टिकला धरून ठेवणारं जे चिकट द्रव्य असतं तेही ओलावा ओढतं आणि सैल पडतं. म्हणजे वर दिसते ती बुरशी, आत दुसरंच बिघडत असतं.

सगळ्यांत महत्त्वाचं, बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेडवर बुरशी चिकटते, ती पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे काढते. सव्वापाच इंची फ्लॉपी असेल तर लांबट खिडकीतून बघा, मधली चकती हाताने हळू फिरवत पूर्ण गोल तपासा. पांढरे ठिपके किंवा कडी दिसली तर वेष्टनाची वरची कड ब्लेडने उघडायची, आतली काळी तबकडी बोटांनी कडेला धरून बाहेर काढायची आणि आयसोप्रॉपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने दोन्ही बाजूंनी पुसायची. अगदीच राड असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. उन्हात नाही, सावलीत सुकवायची. मग एखाद्या बिनकामाच्या फ्लॉपीचं स्वच्छ वेष्टन घेऊन त्यात सरकवायची आणि पहिल्याच फेरीत पूर्ण वाचून घ्यायची. 'आधी काय आहे ते बघू' म्हणून फायली उघडत बसायचं नाही. ती दुसरी फेरी देईलच असं नाही.

वाचायला मी ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड वापरतो. ते फायली वाचत नाही, तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवतं. त्यामुळे खराब सेक्टरवर नंतर सवडीने काम करता येतं.

कॅसेटीचं सोपं आहे. आधी खालच्या मधल्या खिडकीत स्पंजची छोटी गादी आहे का बघा, ती बहुतेक वेळा गळून पडलेली असते. दुसऱ्या कॅसेटीची बसवता येते. टेप एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा, मग संगणकावर वेव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा, ४४,१०० हर्ट्झ, मोनो. एमपीथ्री करू नका, आवाज आवळताना आपल्याला हवं तेच त्यातून जाऊ शकतं. टेप किंचाळायला लागली तर लगेच थांबवा.

खाजन

कुळागर, देव बरें करूं. ताईला फोन केला, ती रविवारी येतेय, स्क्रू-ड्रायव्हर तिच्याकडेच आहे म्हणाली. तिरंग्याची कॅसेट बुरशी न आलेल्या निम्म्यांत आहे. एक शंका. मला एका मित्राने १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह देऊ केलाय. आंतरुजींच्या फ्लॉप्या ३६० केबीच्या असतील तर त्यावर वाचता येतील का?

आंतरुजी

हो, बहुतेक ३६० च्याच आहेत. मलाही हेच विचारायचं होतं.

कुळागर

वाचता येतात. १.२ च्या ड्राइव्हमध्ये ऐंशी ट्रॅक असतात, ३६० च्यात चाळीस, त्यामुळे ड्राइव्ह एकाआड एक ट्रॅक घेतो. लिहिताना मात्र अडचण आहे. याचं हेड अरुंद, ते जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध बारीक पट्टी लिहितं आणि कडेला जुनं तसंच राहतं. मग मूळ ३६० च्या ड्राइव्हला दोन्ही ऐकू येतं आणि तो गोंधळतो. म्हणून आधी फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनही त्यावर लिहिलं जाणार नाही. चिकटपट्टी अपारदर्शक हवी, बरेच ड्राइव्ह ती खाच प्रकाशाने तपासतात.

आंतरुजी, पत्रकांच्या फायली निघाल्या तरी त्या मराठी फॉन्टच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये असतील, आज उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. घाबरू नका आणि काही पुसू नका. बाबांनी कुठलं सॉफ्टवेअर वापरलं होतं तेवढं विचारून ठेवा, युनिकोडमध्ये आणता येईल. सगळ्यांना एकच विनंती, जे करायचं ते मे संपायच्या आत करा. सत्तरीत यायला जमत असेल त्यांनी मला निरोप पाठवा, दोन ड्राइव्ह चालू स्थितीत आहेत.

सुरंगी

माझ्याकडे फ्लॉपी नाही, पण १८० चौकटींची वही घेऊन येते. तुमच्याकडे स्कॅनर आहे ना?

कुळागर

आहे. ए-थ्री. या.